सोळा तासांची पोथी आणि सव्वा तासाचा हिशेब

मराठीत संगीतावर लिहिण्याची एक ठरीव रीत आहे. लेख गायकावर असो, सतारियावर असो की तबलजीवर, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात तासांचा आकडा येतोच. बारा तास, चौदा तास, सोळा तास. मग बोटांतून आलेले रक्त, डुलकी लागू नये म्हणून आढ्याच्या कडीला बांधलेले केस, विझत आलेला कंदील आणि दाराआडून ऐकणारी आई. आकडा वाचला की वाचकाने मनोमन हात जोडायचे आणि पुढे सरकायचे. त्या सोळा तासांत त्या माणसाने नेमके केले काय, हा प्रश्न लेखकाला पडत नाही, संपादकाला पडत नाही, आणि वर्गात तो उतारा शिकवणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांनाही पडत नाही.

हा लेख त्या रीतीविरुद्ध आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: तासांचा आकडा हा रियाजाचे वर्णन नव्हे, तो वर्णन टाळण्याचा मार्ग आहे. वाजवून पोट भरणारा माणूस तास जमा करत नाही. हाताशी असलेल्या थोड्या वेळातून काय वगळायचे हे तो ठरवतो आणि ते ठरवण्यातच त्याची कलाविषयक बुद्धी दिसते. या बुद्धीला 'धंदेवाईक' म्हणून खाली बसवायचे आणि आकड्याला 'साधना' म्हणून देव्हाऱ्यात ठेवायचे, हा आपल्या समीक्षेचा जुना अपराध आहे.

उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम गिटार निवडली आहे. सतारीभोवती, तंबोऱ्याभोवती आपल्याकडे एवढा भक्तिभाव साचला आहे की त्यातून काम दिसेनासे होते. गिटारला तो मान नाही. ती आपल्याकडे गॅदरिंगमध्ये, हॉटेलात आणि चित्रपटाच्या वाद्यवृंदात भेटते. त्यामुळे तिच्या बाबतीत माणूस सकाळी उठून काय करतो हे पाहायला संकोच वाटत नाही. शिवाय विसाव्या शतकातील अनेक व्यावसायिक गिटारवादकांनी आपण वेळ कसा वाटतो हे मोकळेपणाने सांगून ठेवले आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे, आणि ती आमची आहे. काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला अंतर्गत मूल्यमापनासाठी 'माझा रियाज' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. एक विद्यार्थी संध्याकाळी हॉटेलात गिटार वाजवत असे, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बसे आणि रविवारी लहान मुलांच्या शिकवण्या घेई. त्याने निबंध म्हणून दोन पानांची नोंदवही उतरवून दिली. पंधरा मिनिटे उजवा हात, मेट्रोनोमवर, कालच्या वेगाने. वीस मिनिटे नव्या गाण्याच्या फक्त चार मात्रा, जिथे काल अडखळलो त्या. दहा मिनिटे अनोळखी पान वाचणे, न थांबता. पाच मिनिटे काहीच नाही. वीस मिनिटे आज रात्री वाजवायचे त्यातले सर्वांत कच्चे. शेवटी पाच मिनिटे रेकॉर्ड करून ऐकणे. आम्ही समासात शेरा मारला, 'हे वेळापत्रक झाले. साधना कुठे आहे?' आणि वीसपैकी नऊ गुण दिले.

तो वाद घालायला आला नाही. वही परत घेताना इतकेच म्हणाला, "मॅडम, साडेसातला हॉटेलात बसायचं असतं. मला सकाळचा सव्वा तास मिळतो. त्यात काय करायचं नाही हे ठरवणं, हाच माझा रियाज आहे." ज्याच्या निबंधाला आम्ही सोळा गुण दिले होते त्याने गुरुगृही चौदा तास पखवाज वाजवल्याचे सुरेख वर्णन केले होते. पुढे कळले की त्याने पखवाजाला हातही लावलेला नव्हता. वर्णन त्याने आमच्याच पाठ्यपुस्तकातून शिकले होते.

आता त्या सव्वा तासाकडे पाहू, कारण त्याची वंशावळ मोठी आहे. स्पेनचा आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) हा गिटारला मैफिलीच्या व्यासपीठावर नेऊन बसवणाऱ्यांतला अग्रणी. वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला आणि त्या वर्षीही तो मैफिली करत होता. रोजच्या सरावाबद्दल विचारले की तो पाच तास सांगत असे. आपल्या रीतीप्रमाणे येथेच हात जोडून लेख पुढे गेला असता. पण सेगोव्हिया पुढे आणखी एक तपशील सांगे: हे पाच तास सलग नाहीत. सव्वा तासाच्या दोन बैठका सकाळी आणि सव्वा तासाच्या दोन दुपारनंतर. मध्ये विश्रांती, वाचन, माणसे. चार गुणिले सव्वा म्हणजे पाच. या गुणाकारातला सव्वा हा आकडा पाचापेक्षा महत्त्वाचा आहे. लक्ष एका दमात किती वेळ तीक्ष्ण राहते याचा तो अंदाज आहे, आणि एका म्हाताऱ्या कारागिराने तो आपल्याच शरीरावर तपासून घेतलेला आहे.

याच सेगोव्हियाने १९५३ साली मेजर आणि मायनर स्केल्सची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. आजही जगभर गिटारचे विद्यार्थी ती समोर ठेवतात. तिच्या प्रास्ताविकात स्केल्सचे समर्थन करताना तो भक्तीची भाषा वापरत नाही. त्याचा युक्तिवाद असा की इतर कोणत्याही व्यायामापेक्षा स्केल्समुळे तंत्राचे जास्त प्रश्न कमी वेळात सुटतात. 'कमी वेळात' हे शब्द आमच्या दृष्टीने कळीचे आहेत. ज्याच्याकडे पाच तास होते तोही काटकसरीचाच विचार करत होता.

ही काटकसर त्याने शोधून काढली असेही नाही. माउरो ज्युलियानी हा इटालियन गिटारवादक व्हिएन्नात कीर्ती मिळवून होता. त्याच्या पहिल्या क्रमांकाच्या कृतीत उजव्या हातासाठी १२० व्यायाम आहेत. ती १८१२ साली छापली गेली. या १२० व्यायामांत डाव्या हाताला काम जवळजवळ नाही: सी आणि जी सेव्हन हे दोन सोपे कॉर्ड आलटून पालटून धरायचे, बस्स. सगळे वैविध्य उजव्या हाताच्या बोटांच्या क्रमात आहे. दोन हातांचे वाद्य एकाच वेळी सुधारता येत नाही, म्हणून एका हाताला गप्प बसवून दुसऱ्याकडे बघायचे, असा हा विचार. त्याला आम्ही विश्लेषण म्हणू. कवितेचा वृत्तविचार करताना अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवतो, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की आमचे विश्लेषण फळ्यावर संपते आणि गिटारवादकाला त्याच रात्री ते वाजवून दाखवावे लागते.

आकड्याचे भक्त येथे स्टीव्ह वाय याचे नाव घेतील, आणि ते घ्यायलाच हवे. अमेरिकेतल्या या रॉक गिटारवादकाचा दहा तासांचा सराव-आराखडा १९९० साली 'गिटार वर्ल्ड' मासिकात प्रसिद्ध झाला आणि एका पिढीने तो भिंतीवर चिकटवला. दहा तास! पण चिकटवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला? त्यात दहा तास 'वाजवणे' नाही. बोटांचे व्यायाम, स्केल्स, कॉर्ड, कानाची तयारी, स्वरलेखन वाचणे, सिद्धान्त, स्वतःचे रचणे, इतरांबरोबर मोकळे वाजवणे, असे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला वेळेची सीमा आहे. पौगंडावस्थेत आणि विद्यार्थिदशेत, घर चालवण्याचा भार नसताना केलेली ही मेहनत होती. त्यातला कान तयार करण्याचा कप्पा त्याच्या पुढच्या पोटापाण्याशी थेट जोडलेला होता. फ्रँक झापा या संगीतकाराकडे त्याचा प्रवेश झाला तो ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांचे स्वरलेखन करून देणारा म्हणून. म्हणजे दहा तासांच्या पोथीतही खरा मजकूर कप्प्यांचाच आहे.

पण विद्यार्थी एक आणि रोज कामावर जाणारा वादक दुसरा. आमचा विषय दुसऱ्याचा आहे. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत हजारो ध्वनिमुद्रणांत वाजवलेला टॉमी टेडेस्को (१९३०–१९९७) हा त्या जातीचा नमुना. त्याच्या मुलाने त्याच्यावर आणि त्याच्या सहकाऱ्यांवर 'द रेकिंग क्रू' हा माहितीपट केला, तो २००८ साली प्रथम दाखवला गेला. त्या जगातले एकक म्हणजे तीन तासांचे सेशन. वादक येतो, समोर कधी न पाहिलेले पान येते, लाल दिवा लागतो. मँडोलिन किंवा बॅन्जो हवा असेल तर टेडेस्को त्याच्या तारा गिटारसारख्या लावून घेई आणि वाजवी. शुद्धतावाद्यांना यात लबाडी दिसेल. आम्हाला त्यात एक निर्णय दिसतो: सहा वाद्ये अर्धवट शिकण्यात वर्षे घालवण्यापेक्षा एक बोटांची भाषा पक्की ठेवून ती सहा ठिकाणी बोलायची.

अशा माणसाच्या सरावाचा मुख्य भाग म्हणजे न पाहिलेले पान वाचणे. त्याचा एक विलक्षण नियम आहे. तेच पान दुसऱ्यांदा वाजवले की तो वाचनाचा सराव उरत नाही. म्हणून रोज नवे पान लागते, कधी व्हायोलिनचे, कधी सनईसारख्या एखाद्या परक्या वाद्याचे. अडखळले तरी थांबायचे नाही, कारण स्टुडिओत बाकीचे थांबणार नाहीत. घासून घासून गुळगुळीत करण्याची जी कल्पना 'रियाज' शब्दासोबत आपल्या मनात येते, तिच्या नेमका उलट हा व्यायाम आहे.

आणि हे सारे दूरदेशीचे आहे असे मानायचे कारण नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद कित्येक दशके गोव्याहून आलेल्या वादकांच्या वाचनावर उभे होते. पोर्तुगीजकालीन गोव्यातल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवले जाई, आणि ती विद्या मुंबईत रोजगार झाली. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर पाने लिहीत, वादक ती समोर आली की वाचत. पुढे सिंथेसायझर आला, ट्रॅक वेगवेगळे ध्वनिमुद्रित होऊ लागले, आणि १९९०च्या दशकात ते मोठे वाद्यवृंद ओसरले. त्या वादकांवर मराठीत किती लिहिले गेले? गायकांच्या पहाटेच्या खर्जावर पाने भरली. पण पहिल्याच वाचनात बिनचूक वाजवणाऱ्या माणसाने ती बिनचूकता कोणत्या सकाळी आणि कशी कमावली, हे विचारायला कोणी गेले नाही. 'गोवेकर वाजवतातच छान' असे म्हणून आपण त्यांचे कष्ट त्यांच्या रक्तात ढकलून दिले. एकीकडे तासांची पूजा आणि दुसरीकडे उपजत देणगीची खात्री! दोन्हींचा परिणाम एकच, काम अदृश्य होते.

येथे आपलीच भाषा आपल्याला शहाणपण शिकवू शकली असती. मराठीत तीन वेगळे शब्द आहेत: सराव, तालीम आणि रियाज. तालीम म्हणजे ठरलेला प्रयोग इतरांबरोबर बसवणे. सराव म्हणजे जे येते ते हातात टिकवणे. रियाज म्हणजे जे येत नाही त्याच्याकडे जाणे, असा अर्थ आपण राखून ठेवू शकलो असतो. कामकरी गिटारवादकाचा दिवस याच तीन भागांत विभागलेला असतो, त्याच्याकडे हे शब्द नसले तरी. पुढच्या मैफिलीच्या तारखेपासून उलटे मोजत तो ठरवतो की या आठवड्यात तालमीचा वाटा किती, टिकवण्याचा किती आणि नव्याचा किती. प्रवासात वाद्य हाती नसेल तेव्हा तो नुसते पान वाचतो आणि बोटे मनात फिरवतो. मैफिलीच्या दिवशी तो नवे काही शिकत नाही. रात्री चार तास हॉटेलात वाजवले म्हणजे चार तास रियाज झाला, असे तो कधीच मानत नाही, कारण श्रोत्यांसमोर माणूस आपल्या उणिवा झाकतो आणि खोलीत त्या उघड्या करतो. आपण मात्र हे तिन्ही शब्द एकाच हौदात ओतले आणि वर तासांचे झाकण ठेवले.

यावर एक आक्षेप हमखास येईल. वेस मॉन्टगोमेरीचे काय? जॅझ गिटारच्या इतिहासातले हे नाव थोर आहे, आणि तो ना शाळेत शिकला ना स्वरलेखन वाचत असे. विसाव्या वर्षाच्या आसपास त्याने चार्ली क्रिश्चनची ध्वनिमुद्रणे ऐकली आणि ते एकल भाग स्वरास्वराने हातात उतरवले. अगदी सुरुवातीला क्लबात तो तेवढेच वाजवत असे. इंडियानापोलिस शहरात दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात काम, आणि तो क्लब मिटला की पहाटेपर्यंत दुसऱ्या क्लबात काम, अशी त्याची वर्षे गेली. घरी शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्याने पिक बाजूला ठेवले आणि अंगठ्याने वाजवू लागला. तो मऊ, गोल ध्वनी पुढे त्याची ओळख झाला. १९६८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आता हे उदाहरण कोणाच्या बाजूचे? ज्या माणसाकडे वेळच नव्हता त्याने एकच काम निवडले आणि ते पुरे केले. एका वादकाचे एकल भाग, हुबेहूब. यापेक्षा रेखीव ध्येय वेळापत्रकवाल्यालाही सुचणार नाही. त्याच्या गरिबीचा, निद्रानाशाचा गौरव करायला आपण उत्सुक असतो. पण ती गरिबी कला घडवत नव्हती, ती आयुष्य कुरतडत होती. कला घडली ती उरलेल्या वेळात काय करायचे याच्या निवडीतून. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपल्याला फार प्रिय आहे. ती म्हणताना टाकी कोणाच्या हातात आहे हे आपण विसरतो. शिल्पकार दगडावर दिसेल तिथे घाव घालत नाही.

मानसशास्त्राचा दाखला हवा असेल त्यांच्यासाठी तोही आहे, पण तो जसा आहे तसा घ्यावा. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे 'दहा हजार तास' हा मंत्र निघाला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' या २००८ सालच्या पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला, आणि आपल्या वक्त्यांनी तो सोळा तासांच्या पोथीला जोडून घेतला. मूळ निबंधात काय होते? सर्वांत चांगले विद्यार्थी एकट्याने बसून करत असलेला सराव आठवड्याला सुमारे चोवीस तास होता. म्हणजे दिवसाला साडेतीन तास, सोळा नव्हे! तो सराव ते साधारण ऐंशी-नव्वद मिनिटांच्या बैठकांत करत, मुख्यतः सकाळी, आणि दुपारी झोप घेत. सेगोव्हियाच्या सव्वा तासाशी हे किती जुळते ते पाहावे. दहा हजार हा विसाव्या वर्षापर्यंतच्या बेरजेचा सरासरी आकडा होता, कोणताही उंबरठा नव्हता. तो उंबरठा ठरवण्याला खुद्द एरिक्सन यांनी पुढे हरकत घेतली. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तर संगीतातल्या माणसामाणसांमधल्या फरकापैकी सुमारे एकवीस टक्केच फरक अशा सरावाने उलगडतो असे दिसले. मेहनत लागते, नक्कीच लागते. पण आकड्यात सारे रहस्य आहे असे मानणाऱ्यांना विज्ञानातही आसरा नाही.

आणखी एक प्रयोग येथे आठवतो. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोघांनी हातांच्या साध्या हालचाली माणसांना शिकवल्या. एका गटाने एक हालचाल संपवून दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने त्या सरमिसळ केल्या. शिकताना पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ करणारा गट पुढे निघाला. म्हणजे सराव करताना जो आपल्याला छान वाटतो तो सर्वांत उपयोगी असतोच असे नाही. एकच तुकडा तासभर घोळवला की शेवटी तो सुरेख वाजतो, आणि आपण समाधानाने उठतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड हाताने तो वाजत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याने कालची अडखळण आजच्या पानावर का नोंदवली होती, याचे उत्तर येथे आहे.

पोथीची किंमत मात्र कोणीतरी शरीराने मोजतो. वादकांना 'फोकल डिस्टोनिया' नावाचा विकार होतो. बोटे ऐन वाजवताना आपोआप मुडपतात किंवा ताठ होतात, दुखत नाहीत, फक्त ऐकत नाहीत. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे एक टक्का लोकांना तो होतो असा अंदाज दिला जातो. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि त्याच बारीक हालचालीचे अमर्याद आवर्तन हे त्यांपैकी एक मानले जाते. डेव्हिड लाइस्नर या अमेरिकन शास्त्रीय गिटारवादकाची कारकीर्द या विकाराने १९८०च्या दशकात तुटली. जवळजवळ एक तप त्याने आपला हात पुन्हा उभा करण्यात घालवले आणि तो मंचावर परतला. त्याने बोटांना अधिक पिळून काढले नाही. खांद्यापासूनचे मोठे स्नायू कामाला लावून तो वाजवण्याची रीतच बदलत गेला. खरे 'तप' म्हणायचे तर हे म्हणावे. पण यावर आपल्याकडे गौरवलेख निघणार नाही, कारण यात तासांचा आकडा नाही.

आमचे सहकारी येथे वेगळाच आक्षेप घेतील, आणि तो आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. ते म्हणतील, ही तुमची भाषा व्यवस्थापनाची आहे. कप्पे, मिनिटे, नोंदवही, उणिवांची यादी: हे कारखान्याचे आणि कॉर्पोरेट शिबिरांचे शब्द. कलेत ते आणले की कला मेली. या भीतीत तथ्य आहे. आमच्याच महाविद्यालयांत नोंदपत्रकांनी अध्यापनाचे काय केले ते आम्ही जाणतो. पण दोन घड्याळांत फरक करायला हवा. कारखान्याचे घड्याळ दुसऱ्याने लावलेले असते आणि ते सर्वांना सारखेच असते. गिटारवादकाचे वेळापत्रक काल त्याने स्वतःला जे ऐकले त्यातून आज तयार होते, आणि उद्या ते बदलते. मॉन्टगोमेरीने दोन्ही घड्याळे भोगली. त्यातले एक त्याचे नव्हते. जो स्वतःचे घड्याळ लावायला शिकत नाही, त्याच्या हातावर दुसरा कोणी घड्याळ बांधतो, हे आम्हाला आता वयाच्या चाळिशीत नीट कळले आहे.

दुसरे सहकारी परंपरेची बाजू घेतील. त्यांना आम्ही सांगू की आमचे भांडण परंपरेशी नाहीच. पहाटे खर्ज, मग पलटे, मग रागाचा विस्तार, असा क्रम लावणारी परंपरा वेळेचा विचार उत्तम करत होती. चाळीस दिवसांचा चिल्ला हाही मुदत बांधलेलाच प्रकार आहे, त्याचे नावच मुळी 'चाळीस' या फारसी आकड्यावरून आलेले. याच परंपरेने गिटारलाही सामावून घेतले. अली अकबर खाँ यांच्याकडे शिकलेले ब्रिजभूषण काबरा १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर गिटारवर वाजवतात. या वाद्यावर मींड कशी आणायची, स्वर किती वेळ तेवत ठेवायचा, हे प्रश्न तासांच्या बेरजेने सुटले नसते. एकेक प्रश्न वेगळा काढून त्यावर बसावे लागले असणार. म्हणजे गुरूंनी वेळेचा शहाणा हिशेब केला होता. तो वितळवून त्याची दंतकथा केली ती लेखकांनी, म्हणजे आपल्या बिरादरीने.

म्हणूनच हा प्रश्न साहित्याच्या वर्गात मांडत आहोत. मराठी घेऊन एम. ए. करणारा विद्यार्थी दोन वर्षांत 'प्रतिभा', 'साधना', 'तपश्चर्या' हे शब्द शेकडो वेळा लिहितो. लेखक रोज काय करतो, कोणता मसुदा का टाकतो, वाक्य कुठे मोडते ते कसे शोधतो, याबद्दल तो एक ओळ लिहीत नाही, कारण आम्ही ते कधी विचारत नाही. त्यातून दोन प्रकारची माणसे तयार होतात. एक, आपल्याकडे सोळा तास नाहीत म्हणून सुरुवातच न करणारी: नोकरी करणारी, घर सांभाळणारी, शिकवण्या घेणारी. दुसरी, टेबलाशी सोळा तास बसल्याचे समाधान मिळवून काहीच न सुधारणारी. पहिल्यांचे नुकसान अधिक मोठे आहे, कारण आपल्या वर्गांत आता बहुसंख्य तीच आहेत. फुरसत ज्याच्या घरात आहे त्यालाच साधनेचा अधिकार, असा या पोथीचा छुपा अर्थ होतो. मुलींनी तर तो फार पूर्वी ओळखला आहे, त्या तो बोलून दाखवत नाहीत एवढेच.

आम्ही त्या विद्यार्थ्याचे गुण नंतर बदलू शकलो नाही, याद्या पुढे गेल्या होत्या. तो आजही वाजवतो, आता शिकवतोही. मध्यंतरी भेटला तेव्हा आम्ही त्या शेऱ्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो हसला आणि म्हणाला, "सर, तेव्हा सव्वा तास होता. आता मुलगी झालीय, पाऊण तासच मिळतो." मग त्याने पाऊण तासातून काय काढून टाकले ते सांगितले. स्केल्सचे वेगळे पंधरा मिनिटे गेले, ते तो आता नव्या गाण्याच्या स्वरातच करून घेतो. अनोळखी पान मात्र ठेवले आहे. "ते सोडलं की काम सुटेल," तो म्हणाला.

निबंधाचा विषय आम्ही अजून ठेवला आहे, फक्त त्याखाली दोन ओळी वाढवल्या आहेत: गेल्या आठवड्यात तुम्ही कोणती गोष्ट सुधारायला घेतली, आणि तिच्यासाठी कोणती सोडली? अध्यापक मित्रमैत्रिणींना आमची विनंती एवढीच. यापुढे कोणाच्या उत्तरपत्रिकेत, चरित्रात, गौरवग्रंथात वा श्रद्धांजलीपर लेखात 'सोळा-सोळा तास' हे शब्द आले, तर तिथे आदराने थांबू नये. समासात शांतपणे लिहावे: 'त्या सोळा तासांत काय केले?'